सदिशांची बेरीज: पट्टी, कोनमापक आणि टोकदार पेन्सिल

६० किलो आणि ४० किलो मिळून १०० किलोच होतात. पोती कशीही ठेवा, वजन बदलत नाही. ६० न्यूटन आणि ४० न्यूटन अशी दोन बलं मात्र मिळून १०० न्यूटन होऊ शकतात, २० न्यूटन होऊ शकतात, किंवा या दोन टोकांच्या मधलं काहीही. उत्तर ठरतं ते दोन बलांमधल्या कोनावर. वस्तुमान, तापमान, वेळ यांना दिशा नसते. त्या अदिश राशी, त्यांची बेरीज साध्या अंकगणितानं होते. विस्थापन, वेग, त्वरण, बल यांना परिमाणाबरोबर दिशाही असते. त्या सदिश राशी. त्यांची बेरीज करायची तर दिशेलाही हिशेबात घ्यावं लागतं, आणि त्यासाठी सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे ती बेरीज कागदावर काढून बघणं.

सूत्रं आहेत, कॅल्क्युलेटर आहे, मग रेखाटायचं कशाला? कारण सूत्रात चुकीचा कोन घातला तरी सूत्र निमूटपणे एक आकडा देतं. आकृतीत तोच चुकीचा कोन डोळ्यांना खुपतो. शिवाय काही प्रश्नांना उत्तरच नसतं, आणि ते का नसतं हे आकृती जितकं स्वच्छ दाखवते तितकं समीकरण दाखवत नाही. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

बाण आणि त्याचा एकमेव नियम

कागदावर सदिश म्हणजे बाण. बाणाची लांबी परिमाण सांगते, बाण ज्या बाजूला रोखलेला आहे ती दिशा. जिथून बाण सुरू होतो ते शेपूट, जिथे संपतो ते टोक. हा बाण कागदावर कुठे काढला आहे, याला बेरजेपुरतं महत्त्व नाही. लांबी आणि दिशा तीच ठेवून तो कुठेही सरकवता येतो. फक्त वळवायचा नाही. ही सरकवण्याची मोकळीकच पुढच्या सगळ्या रचनांचा पाया आहे.

नियम असा: पहिल्या बाणाच्या टोकावर दुसऱ्या बाणाचं शेपूट ठेवायचं. मग पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सरळ बाण काढायचा. तो बाण म्हणजे बेरीज, म्हणजेच परिणामी सदिश. तीन बाजू तयार होतात म्हणून याला त्रिकोण नियम म्हणतात.

विस्थापनाच्या बाबतीत हा नियम शिकवावाही लागत नाही. आधी एका दिशेनं चाललात, थांबलात तिथून दुसऱ्या दिशेनं चाललात. सुरुवातीपासून आता किती दूर आणि कुठल्या बाजूला आहात, हे विचारलं तर तुम्ही आपोआप तोच तिसरा बाण दाखवाल. बलांचं तसं नाही. दोन दोऱ्यांनी ओढलेली वस्तू या त्रिकोणाला का मानेल, हे उघड दिसत नाही, आणि माणसांना ते कळायला वेळ लागला. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये उतारावर टेकलेल्या वजनांचा विचार करता करता बलांचा त्रिकोण गाठला. न्यूटन यांनी १६८७ मध्ये गतीचे तीन नियम मांडल्यावर लगेच, पहिलं उपप्रमेय म्हणून, समांतरभुज चौकोनाचा नियम दिला. बलं सदिशांसारखी मिळतात ही निसर्गाची वस्तुस्थिती आहे. भूमितीनं ती आपल्याला आयती दिलेली नाही.

आधी साहित्य आणि प्रमाण

पट्टी, कोनमापक, कंपास, दोन गुण्या आणि २एच सारखी कडक पेन्सिल, टोक सुईसारखं. बोथट पेन्सिलीनं काढलेल्या रेघेची जाडीच अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि मग दोन रेघांचा छेदबिंदू हा बिंदू न राहता एक ठिपका होतो. ठिपक्याच्या कुठल्या कडेपासून मोजायचं, हा प्रश्न ज्या आकृतीत पडतो ती आकृती पुन्हा काढावी.

प्रमाण निवडताना बहुतेक जण आकृती लहान ठेवतात. ही सवय महागात पडते. पट्टीवर लांबी वाचताना साधारण अर्ध्या मिलिमीटरची चूक गृहीत धरावी लागते. २ सेंटीमीटर लांबीच्या बाणात ती अडीच टक्के होते, १० सेंटीमीटरच्या बाणात अर्धा टक्का. म्हणून सगळ्यात मोठा बाण निदान १० सेंटीमीटरचा येईल असं प्रमाण घ्या. आणि १ सेंमीला १, २, ५, १०, २० असा सोपा आकडा धरा. १ सेंमी = ७ न्यूटन असं प्रमाण कागदावर छान बसतं खरं, पण प्रत्येक लांबीला सातानं भागताना आणि गुणताना कुठेतरी चूक होतेच. ठरवलेलं प्रमाण कागदाच्या कोपऱ्यात लिहा, आणि एका आकृतीत एकच प्रमाण. दोन बलं वेगवेगळ्या प्रमाणात काढली की आकृतीतली दिशाही खोटी ठरते.

कोनासाठी हा आकडा लक्षात ठेवा: १० सेंटीमीटर लांबीच्या रेघेत १ अंशाची चूक झाली तर तिचं टोक पावणेदोन मिलिमीटरनं सरकतं. म्हणजे सामान्य आकृतीत लांबीच्या चुकीपेक्षा कोनाची चूक जास्त नुकसान करते. शाळेतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंटीमीटर असते. म्हणून रेघ आधी फिकट आणि गरजेपेक्षा लांब काढावी, कोन मोजून घ्यावा, आणि मग तिच्यावर हवी तेवढी लांबी कापून घ्यावी. कोनमापकाकडे तिरकं बघू नये. आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी सुरू होणारे आकडे असतात; ६० हवं असताना १२० वाचणं हा नवशिक्यांचा हक्काचा घोटाळा. कोन लघु दिसायला हवा की विशाल, हे खूण करण्याआधी मनाशी ठरवलं की तो होत नाही.

एक पूर्ण उदाहरण

६० न्यूटनचं बल अ आडवं, उजवीकडे. ४० न्यूटनचं बल ब, अ शी ६०° कोन करून वरच्या बाजूला. प्रमाण १ सेंमी = ५ न्यूटन. म्हणजे अ साठी १२ सेंमी, ब साठी ८ सेंमी.

कागद आडवा धरा. डाव्या बाजूला खालच्या भागात म हा बिंदू घ्या. त्यातून उजवीकडे फिकट आडवी रेघ काढा, चांगली १८ सेंटीमीटर तरी. म पासून १२ सेंमीवर प ची खूण करा. पट्टीची कड झिजलेली असेल तर शून्याऐवजी १ सेंमीच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करा आणि १३ वर खूण करा. मप हा अ झाला. टोकाला बाण काढा.

आता कोनमापकाचा मध्य प वर ठेवा. इथे थांबा, कारण या एका जागी जितकी उत्तरं चुकतात तितकी बाकी सगळ्या पायऱ्या मिळूनही चुकत नसतील. ६०° मोजायचे आहेत ते प च्या पुढे, उजवीकडे वाढलेल्या फिकट रेघेपासून. म कडे परत जाणाऱ्या रेघेपासून नाही. दोन सदिशांमधला कोन म्हणजे दोघांची शेपटं एकत्र ठेवल्यावर दिसणारा कोन; टोकाला शेपूट जोडल्यावर त्रिकोणाच्या आत जो कोन पडतो तो त्याचा पूरक असतो, इथे १२०°. त्रिकोणाच्या आत ६०° ठेवलेत तर बेरजेऐवजी वजाबाकी निघते.

पुढच्या रेघेपासून ६०° वर खूण करा, प मधून त्या दिशेनं रेघ काढा, तिच्यावर ८ सेंमी मोजून फ मिळवा. म आणि फ जोडा, बाणाचं टोक फ कडे. मफ मोजा: १७.४ सेंमी येईल, म्हणजे ८७ न्यूटन. म जवळचा कोन मोजा: साडेतेवीस अंशांच्या आसपास. गणितानं उत्तर ८७.२ न्यूटन आणि २३.४° येतं. साध्या साहित्यानं काढलेल्या आकृतीचं उत्तर एका टक्क्याच्या आत असेल तर काम चांगलं झालं म्हणायचं.

आणि मफ जर १०.६ सेंमी, म्हणजे ५३ न्यूटन, आला असेल? तर वर सांगितलेली कोनाची चूक झाली आहे. तो अ वजा ब चा आकार आहे. पडताळा साधा आहे: दोन सदिशांमधला कोन ९०° पेक्षा कमी असेल तर परिणामी सदिश दोघांपेक्षाही मोठा असायलाच हवा. ५३ हा ६० पेक्षा लहान आहे, म्हणजे कुठेतरी गडबड आहे.

समांतरभुज चौकोन

एकाच खिळ्याला दोन दोऱ्या बांधून ओढल्या की दोन्ही बलं एकाच बिंदूपासून निघतात. अशा वेळी दोघांची शेपटं म वर ठेवूनच आकृती काढणं स्वाभाविक वाटतं. अ आणि ब म पासून काढा, प्रत्येकाच्या टोकातून दुसऱ्याला समांतर रेघ काढा, चौकोन पूर्ण करा. म मधून निघणारा कर्ण म्हणजे परिणामी सदिश.

समांतर रेघ गुण्यांनी काढायची तर एका गुण्याची कड मूळ रेघेला लावा, दुसऱ्या कडेला पट्टी टेकवा, पट्टी घट्ट दाबून धरा आणि गुण्या पट्टीवरून सरकवा. हलली पाहिजे फक्त गुण्या. कंपासनं हेच काम अधिक नेमकं होतं: अ च्या टोकावर कंपास ठेवून ब एवढ्या त्रिज्येचा कंस, ब च्या टोकावर ठेवून अ एवढ्या त्रिज्येचा कंस. हे कंस पुरेसे लांब काढले तर दोन ठिकाणी छेदतात. म पासून पलीकडच्या बाजूचा छेदबिंदू घ्यायचा.

चुकतं ते कर्णाच्या निवडीत. चौकोनाला दोन कर्ण असतात. म मधून न जाणारा, दोन टोकांना जोडणारा कर्ण ही वजाबाकी आहे. आपल्या उदाहरणात तो १०.६ सेंमी येतो, म्हणजे तोच मघाचा ५३ न्यूटन.

मोजमापासाठी मी नेहमी त्रिकोणच सुचवेन. त्यात रेघा कमी, म्हणून चुका कमी. समांतरभुज चौकोनाचा खरा उपयोग समजण्यासाठी आहे: त्याच्या खालच्या वाटेनं गेलं तर आधी अ मग ब, वरच्या वाटेनं गेलं तर आधी ब मग अ, आणि दोन्ही वाटा एकाच कोपऱ्यात पोचतात. बेरजेत क्रमाला महत्त्व नाही, याची सिद्धता त्या आकृतीतच आहे.

कोन बदलला तर काय होतं: एक वर्तुळ पुरतं

अ चा १२ सेंमीचा बाण मप तसाच ठेवा. प वर कंपास ठेवून ८ सेंमी त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ काढा. ब कोणत्याही दिशेला वळला तरी त्याचं टोक या वर्तुळावरच राहणार. म्हणजे म पासून वर्तुळावरच्या वेगवेगळ्या बिंदूंपर्यंत काढलेले बाण हे अ आणि ब च्या सगळ्या शक्य बेरजा. सर्वांत लांबचा बिंदू २० सेंमीवर, म्हणजे १०० न्यूटन. सर्वांत जवळचा ४ सेंमीवर, म्हणजे २० न्यूटन. सुरुवातीला म्हटलेल्या १०० आणि २० या मर्यादा इथे समोर दिसतात.

याच आकृतीतून आणखी एक गोष्ट निघते, जी सूत्रात सहज सापडत नाही. ४० न्यूटनच्या बलानं ६० न्यूटनचं बल दिशेपासून जास्तीत जास्त किती वळवता येईल? पहिला विचार येतो तो काटकोनात ओढण्याचा. आकृती वेगळं सांगते. म पासून वर्तुळाला स्पर्शिका काढा; अ पासून याहून जास्त वळलेला बाण वर्तुळापर्यंत पोचूच शकत नाही. स्पर्शिका आणि अ यांमधला कोन ४१.८° येतो. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, म्हणजे ब हा अ ला नव्हे, तर परिणामी सदिशाला लंब आहे. त्यासाठी ब ला अ पासून १३१.८° वर, थोडं मागच्या बाजूला ओढावं लागतं. काटकोनात ओढलं असतं तर फक्त ३३.७° वळलं असतं.

दोनाहून जास्त सदिश

नियम तोच, फक्त साखळी लांब होते. प्रत्येकाच्या टोकावर पुढच्याचं शेपूट, आणि शेवटी पहिल्या शेपटापासून शेवटच्या टोकापर्यंत एक बाण. याला बहुभुज नियम म्हणतात.

चार बलं घेऊ: ३० न्यूटन ०° वर, ५० न्यूटन ४५° वर, ४० न्यूटन १२०° वर, ६० न्यूटन २००° वर. कोन उजव्या आडव्या दिशेपासून घड्याळाच्या उलट मोजलेले. प्रमाण १ सेंमी = ५ न्यूटन, म्हणजे लांब्या ६, १०, ८ आणि १२ सेंमी. काढण्याआधी हातानं कच्ची आकृती काढून बघा. त्यातून कळतं की साखळी आधी उजवीकडे १३ सेंमीपर्यंत जाते, वर १४ सेंमीपर्यंत चढते, आणि शेवटी सुरुवातीच्या बिंदूच्याही डावीकडे २ सेंमी येते. म्हणून म डाव्या कडेपासून ४ सेंमी आत घ्या. कच्ची आकृती न काढता सुरुवात केली की तिसऱ्या बाणाला कागद संपतो.

प्रत्येक कोपऱ्यात नव्यानं फिकट आडवी रेघ काढा आणि कोन तिच्यापासून मोजा. मागच्या बाणापासून मोजण्याचा मोह होतो: ४५° नंतर १२०° म्हणजे आणखी ७५° वळा, बस. पण तसं केलं की पहिल्या कोपऱ्यातली चूक दुसऱ्यात उतरते, दुसरीची तिसऱ्यात, आणि चौथ्या बाणापर्यंत चुकांची बेरीज होते. आडव्या रेघेपासून मोजलं तर प्रत्येक कोपऱ्याची चूक त्या बाणापुरती राहते. २००° अर्धवर्तुळाकार कोनमापकावर नसतात. डावीकडच्या आडव्या दिशेपासून खाली २०° मोजा.

परिणामी बाण १०.१ सेंमीच्या आसपास येईल, म्हणजे सुमारे ५१ न्यूटन, आणि त्याची दिशा १०२° ते १०३°. बलांचा क्रम बदलून पुन्हा काढा. आकृती ओळखू येणार नाही इतकी बदलेल, काही क्रमांत रेघा एकमेकींना छेदतील, पण शेवटचं टोक त्याच जागी येईल. हा फुकट मिळणारा पडताळा आहे. दोन क्रमांची टोकं २ मिलिमीटरच्या आत जुळली तर काम ठीक. ५ मिलिमीटरचा फरक असेल तर कुठला तरी कोन चुकला आहे.

दिशा वाचतानाचे घोटाळे

आकृती बरोबर आणि दिशा चुकीची वाचलेली, असं फार वेळा होतं. गणितात कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजतात. नकाशावर आणि जहाजावर तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजतात. 'उत्तरेपासून पूर्वेकडे ३०°' म्हणजे उत्तरेकडे तोंड करून पूर्वेला ३०° वळायचं. गणिताच्या पद्धतीत हाच कोन ६०° होतो. आकृतीच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढून ठेवा, निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

वारा आणि पाण्याचा प्रवाह यांची नावं तर एकमेकांच्या उलट ठेवलेली आहेत. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा. त्याचा बाण दक्षिणेकडे रोखायचा. समुद्राचा प्रवाह मात्र तो ज्या दिशेला जातो त्या दिशेनं सांगतात. उत्तरेकडचा प्रवाह म्हणजे बाण उत्तरेकडे. वाऱ्याचा बाण उलटा काढला की विमानाच्या मार्गाचं उत्तर दुप्पट चुकतं, कारण दुरुस्ती करायच्या ऐवजी आपण चूक वाढवतो.

वजाबाकी

अ वजा ब म्हणजे अ अधिक उलटा फिरवलेला ब. ब चं टोक आणि शेपूट बदला, मग नेहमीची बेरीज. दुसरी रीत: दोघांची शेपटं एकत्र ठेवा आणि ब च्या टोकापासून अ च्या टोकाकडे बाण काढा. कुठून कुठे, हे विसरायला होतं. 'ज्यातून वजा करतो त्याच्याकडे बाण जातो' एवढं धरून ठेवा.

याचा सगळ्यात मोलाचा उपयोग वेगातला बदल काढताना होतो. एक गाडी पूर्वेकडे सेकंदाला २० मीटर जात होती, वळून उत्तरेकडे सेकंदाला २० मीटर जाऊ लागली. चाल बदलली नाही, पण वेग बदलला. १ सेंमी = सेकंदाला २ मीटर या प्रमाणात दोन्ही वेग एका बिंदूपासून १० सेंमी काढा आणि जुन्याच्या टोकापासून नव्याच्या टोकाकडे बाण काढा: १४.१ सेंमी, वायव्येला. म्हणजे वेगातला बदल सेकंदाला २८.३ मीटर, मूळ वेगाहूनही मोठा, आणि दिशा वळणाच्या आतल्या बाजूला. वर्तुळात एकसारख्या चालीनं फिरणाऱ्या वस्तूचं त्वरण केंद्राकडे का असतं, ते या बाणात दिसतं.

बंद आकृती आणि न मोजता मिळणारी बलं

सगळे बाण जोडल्यावर शेवटचं टोक सुरुवातीच्या शेपटावर येऊन बसलं तर बेरीज शून्य. बलांच्या बाबतीत याचा अर्थ, ती वस्तूला कुठल्याच बाजूला ढकलत नाहीत. इथे बाणांच्या फिरण्याकडे लक्ष द्या. परिणामी बाण नेहमी बाकीच्यांच्या उलट वळणानं आकृती बंद करतो. त्याच वळणानं, एकामागोमाग एक, आकृती बंद करणारा बाण म्हणजे परिणामी बल नव्हे, तर समतोल साधायला जे बल लावावं लागेल ते. लांबी तीच, दिशा बरोबर उलट.

बंद आकृतीमुळे अज्ञात बलं काढता येतात. १०० न्यूटन वजनाचा दिवा दोन दोऱ्यांनी टांगला आहे. एक दोरी आडव्याशी ३०° कोन करते, दुसरी ४५°. १ सेंमी = १० न्यूटन धरून वजनाचा १० सेंमीचा बाण सरळ खाली काढा. त्याच्या खालच्या टोकातून एका दोरीला समांतर रेघ काढा, वरच्या शेपटातून दुसऱ्या दोरीला समांतर. दोन्ही जिथे छेदतात तिथे त्रिकोण बंद होतो. बाजू मोजा: ३०° वाल्या दोरीत ७.३ सेंमी, म्हणजे ७३ न्यूटन ताण. ४५° वाल्या दोरीत ९ सेंमी, म्हणजे ९० न्यूटन. दोन्ही ताणांची साधी बेरीज १६३ होते आणि वजन तर १०० आहे, याचं आश्चर्य वाटायला नको: दोऱ्यांचा बराच जोर एकमेकींना आडवं ओढण्यात खर्च होतो.

आता दोन्ही दोऱ्या जवळजवळ आडव्या ताणा, आडव्याशी फक्त ५°. त्रिकोण लांबलचक आणि चिंचोळा होतो, आणि प्रत्येक दोरीत सुमारे ५७४ न्यूटन ताण येतो, वजनाच्या पावणेसहा पट. दोरी पूर्ण सरळ करायला किती ताण लागेल? आकृतीत दोन्ही रेघा समांतर होतात आणि छेदतच नाहीत. म्हणजे कितीही ताण दिला तरी मधे वजन असलेली दोरी तंतोतंत सरळ होणार नाही.

आणि इथेच रेखाटनाची मर्यादाही दिसते. ३०°–४५° च्या आकृतीत एक कोन १° नं चुकला तर ताण फार तर सव्वादोन टक्क्यांनी बदलतो. ५° च्या आकृतीत तीच १° ची चूक ताण ५७४ वरून ५२१ वर आणते, म्हणजे ९ टक्के. दोन रेघा जितक्या लहान कोनात छेदतात तितका त्यांचा छेदबिंदू घसरतो. अशा वेळी आकृती समजण्यासाठी काढावी आणि आकडा गणितानं काढावा.

कंसानं सुटणारा प्रश्न

नदीचा प्रवाह सेकंदाला २ मीटर. नाव स्थिर पाण्यात सेकंदाला ५ मीटर जाते. नदी अगदी सरळ ओलांडून समोरच्याच जागी पोचायचं आहे. नावेचं तोंड कुठे ठेवायचं? इथे नावेच्या वेगाचं परिमाण माहीत आहे, दिशा नाही. बेरजेची दिशा माहीत आहे, परिमाण नाही.

म पासून समोरच्या काठाकडे लांब फिकट रेघ काढा. बेरीज याच रेघेवर असणार. म पासूनच प्रवाहाचा बाण काढा, १ सेंमी = सेकंदाला अर्धा मीटर या प्रमाणात ४ सेंमी. त्याच्या टोकावर कंपास ठेवून नावेच्या वेगाएवढ्या, म्हणजे १० सेंमी त्रिज्येचा कंस काढा. तो समोरच्या रेघेला जिथे छेदतो तिथे त्रिकोण पुरा. प्रवाहाच्या टोकापासून त्या बिंदूकडे जाणारा बाण म्हणजे नावेचा रोख: सरळ समोरच्या दिशेपासून २३.६° प्रवाहाच्या विरुद्ध. रेघेवरची लांबी ९.२ सेंमी, म्हणजे नाव सेकंदाला ४.६ मीटर वेगानं पलीकडे सरकते.

आता प्रवाह सेकंदाला ६ मीटर करा. बाण १२ सेंमीचा, कंस १० सेंमीचा. कंस रेघेपर्यंत पोचतच नाही. नावेचा वेग प्रवाहापेक्षा कमी असेल तर ती समोरच्या जागी पोचू शकत नाही, तोंड कुठेही ठेवा. सूत्र इथे कोनाची ज्या (साइन) एकाहून मोठी दाखवून अडतं. कागदावर तो कंस किती मिलिमीटरनं कमी पडला हेही दिसतं. वाऱ्यात विमानाचा रोख ठरवताना वैमानिक हाच त्रिकोण काढतात.

त्रिकोण काय सांगत नाही

एक सावधगिरी बलांसाठीच आहे. बेरजेसाठी बाण हवा तिथे सरकवला, तेव्हा बल वस्तूवर नेमकं कुठे लागलं होतं ही माहिती आपण सोडून दिली. सगळी बलं एकाच बिंदूवर लागत असतील तर त्यानं काही बिघडत नाही. पण गाडीच्या स्टिअरिंगला एका हातानं वर आणि दुसऱ्या हातानं खाली सारखाच जोर लावा: बहुभुज बंद होतो, बेरीज शून्य येते, आणि चाक तरी फिरतं. अशा जोडीला बलयुग्म म्हणतात, आणि बहुभुजात ते दिसतच नाही.

बलं वेगवेगळ्या जागी लागत असतील तर दोन आकृत्या काढा. एक वस्तूची, खऱ्या जागा दाखवणारी. दुसरी बाणांची, प्रमाणात. परिमाण आणि दिशा दुसरीतून घ्या. जागेसाठी पहिल्या आकृतीत दोन्ही बलांच्या रेघा पुढे-मागे वाढवा; त्या जिथे छेदतात त्या बिंदूतून परिणामी बलाची रेघ जाते, कारण बल त्याच्या स्वतःच्या रेघेवर पुढे-मागे सरकवलं तर वळवण्याचा परिणाम बदलत नाही. बलं समांतर असली की या रेघा भेटत नाहीत, आणि मग दोरीच्या आकाराची एक जादा बहुभुजाकृती काढावी लागते. ती फ्रेंच गणितज्ञ पिएर व्हारिन्यॉन यांच्या १७२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या लेखनात आहे, आणि जर्मन अभियंते कार्ल कुलमान यांनी १८६६ मध्ये अशा रचनांचं संपूर्ण शास्त्र उभं केलं. कुलमान यांचेच विद्यार्थी मोरिस कोशलँ यांनी आयफेल टॉवरचा पहिला आराखडा एमिल नुगिए यांच्यासोबत काढला, आणि त्यामागची बलांची गणितं अशाच आकृत्यांनी, पट्टी आणि गुण्यांच्या आधारानं केलेली होती.